छातीतली स्प्रिंग

आमच्या वाडीत आज घडीला अकरा माणसांच्या छातीत स्प्रिंगा आहेत. मीच एकदा पारावर बसून मोजल्या. वाडी केवढी, तर दीडशे उंबऱ्यांची. त्यातली एक स्प्रिंग माझी, एक माझ्या धाकट्या भावाची. दवाखान्यात तिला स्टेंट म्हणतात, पण तो शब्द आमच्या माणदेशी जिभेवर नीट बसत नाही. "त्याला काय झालंय?" "स्प्रिंग टाकलीया." एवढ्यात सगळं आलं. मग ऐकणारा जरा पुढं सरकून हळूच विचारतो, "कितीला पडली?" बाजारातनं आणलेल्या म्हशीची किंमत विचारावी तसं. कितीला पडली हे सगळे विचारतात. कशासाठी टाकली, हे विचारणारा मला तरी अजून भेटला नाही.

भावाचं आधी सांगतो. साल २०१४, थंडीचे दिवस. रात्रीच्या लायटीवर डाळिंबाला पाणी सोडायला गेलेला. दोनच्या सुमाराला परत आला तो छाती धरून. बायकोला म्हणाला, पित्त झालंय, सोडा दे. मी उठून बत्ती त्याच्या तोंडावर धरली तर कपाळावरनं घामाच्या धारा. थंडीत माणूस असा घामाघूम होतो म्हटल्यावर हे पित्त नव्हे. शेजारच्याची जीप काढली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरणा डॉक्टर ड्यूटीवर होता. त्यानं पट्टी काढली, बघितली, आणि काही न बोलता ॲस्पिरिन चावून खायला लावली. बरोबर आणखी गोळ्या दिल्या, गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, "इथं थांबू नका." त्या पोराचं नाव मी विचारायचं राहिलं, पण त्याचा हात आजही डोळ्यांपुढं आहे. सिरिंज धरलेला हात जरासुद्धा हलत नव्हता.

जिल्ह्याला पोचलो तेव्हा उजाडलं होतं. मनगटातनं नळी घालून बघितलं तर हृदयाच्या पुढच्या अंगाला रक्त नेणारी मोठी वाहिनी गच्च बंद. तिथं स्टेंट टाकला. नुसत्या स्टेंटचेच एक लाख वीस हजार, बाकीचं वेगळं. आमचं रेशन कार्ड केशरी, पण तो दवाखाना सरकारी योजनेत नव्हता, आणि तसल्या वेळेला योजनेतला दवाखाना शोधत कोण हिंडतंय? दोन जर्सी गाई आणि वहिनीच्या पाटल्या गेल्या. भाऊ राहिला. आज तो माझ्यापेक्षा जास्त छाटणी करतो.

भाऊ वाचला हे सगळ्या वाडीनं बघितलं. तेव्हापासून स्प्रिंग म्हणजे दुसरा जन्म, असं आमच्याकडं पक्कं झालं. त्यात खोटंही काही नाही. अटॅक चालू असताना वाहिनी बंद असते, पुढचा मांसाचा भाग तासातासानं मरत असतो, आणि ती जितकी लवकर उघडेल तितका माणूस वाचतो. हे जगभर पुन्हा पुन्हा तपासलेलं आहे आणि त्यावर कुणा शहाण्या डॉक्टरचं दुमत नाही. पुढं चार वर्षांनी माझ्यावर पाळी आली, तेव्हा मात्र गोष्ट तीच नव्हती.

२०१८ च्या मृग बहाराला क्रेट उचलून बांध चढलो की छातीवर कुणी पाट्याचा दगड ठेवल्यागत व्हायचं. थांबलो, दोन मिनटं बांधावर टेकलो की जायचं. बसल्याजागी काही नाही, जेवताना काही नाही, झोपेत काही नाही. महिनाभर हेच चाललं तेव्हा आमच्या मंडळींनी हट्ट धरला आणि जिल्ह्याच्या एका दवाखान्यात अँजिओग्राफी करायला गेलो. जाण्याआधी भाचीला फोन केला. ती फार्मसी शिकलेली, औषधाच्या कारखान्यात कामाला आहे. ती म्हणाली, "मामा, टेबलावर तुम्हाला घाई केली तर एकच विचारा. हा अटॅक आहे, की चढावर होणारं दुखणं आहे?"

झालंही तसंच. मी टेबलावर. पडद्यावर माझ्याच काळजाची नदी काळ्या शाईत वाहताना दिसतेय, आणि डॉक्टर बाहेर जाऊन घरच्यांना सांगतायत, "ऐंशी टक्के ब्लॉक आहे. आत्ताच टाकून घेऊ, कधी काय होईल सांगता येत नाही. इथं सही करा." पोराच्या हातात पेन दिलेलं. आमची मंडळी दुसरीपर्यंत शिकलेली, पण तिनं पोराचा हात धरला आणि म्हणाली, "त्ये शुद्धीत हाईत न्हवं? मग त्यांस्नीच इचारा की." डॉक्टर आत आले. मी भाचीचा प्रश्न विचारला. ते जरा थांबले. "अटॅक नाही," म्हणाले, "पण येऊ शकतो." मी म्हटलं, "मग आज नको साहेब. चार दिवसांनी येतो." त्यांना ते आवडलं नाही. निघताना 'रुग्णाने उपचार नाकारले' असं लिहून त्याखाली माझी सही घेतली. घेऊ देत.

आता 'आज नको' म्हणायचं धाडस मला कुठनं आलं, त्यासाठी जरा मागं जावं लागेल. आमच्याकडं डाळिंबावर तेल्या आला तेव्हाची गोष्ट. पानावर तेलकट डाग, मग फळाला चीर, आणि महिन्याभरात बागच्या बाग उपटायची वेळ. माणसं काहीही फवारायला तयार होती. अशात एक जण लाल बाटली घेऊन आला. तेल्यावर रामबाण, म्हणाला. बाटली महाग. आमचे थोरले चुलते, त्यांना सगळे आण्णा म्हणत, ते म्हणाले, "मारा. पर चार वळी मोकळ्या सोडा." बाग तेव्हा एकत्रातली. आपल्या वाटणीच्या ओळी मोकळ्या ठेवायला कुणीच तयार होईना. शेवटी आण्णांनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्या ओळींची चिठ्ठी निघाली त्यांना औषध नाही. बाकी पाणी, खत, छाटणी सगळ्यांना सारखी.

पुढं पाऊस उघडला, ऊन पडलं आणि बाग सुधारली. बाटलीवाला दात काढत आला. आण्णा त्याला काही न बोलता त्या चार ओळींत घेऊन गेले. त्याही तितक्याच सुधारल्या होत्या. ओळी मोकळ्या सोडल्या नसत्या तर आम्ही त्या बाटलीला देवघरात ठेवलं असतं.

मी दहावीपर्यंत शिकलो. विज्ञानात मला पस्तीसच पडले होते. पण तपासणं म्हणजे काय ते मला त्या चार ओळींनी शिकवलं. माणूस बरा झाला एवढ्यावर औषध खरं ठरत नाही. ते न देता काय झालं असतं, हेही कुठंतरी मांडून बघावं लागतं.

मग मी भाचीला विचारलं, "या स्प्रिंगेच्या मोकळ्या वळी कुणी सोडल्यात का गं?" ती फोनवर हसली. म्हणाली, "मामा, सोडल्यात. आणि त्यावरनं मोठी भांडणं झालीत."

तिनं सांगितलेलं माझ्या भाषेत लिहितो. सुरुवात स्टेंटपासून नाही, फुग्यापासून आहे. आंद्रेआस ग्रुन्त्सिग नावाचा एक जर्मन डॉक्टर स्वतःच्या स्वयंपाकघरात टेबलावर बसून फुगे लावलेल्या बारीक नळ्या बनवायचा. १९७७ च्या सप्टेंबरात त्यानं झुरिचला एका जिवंत माणसाच्या हृदयातली वाहिनी असल्या फुग्यानं पहिल्यांदा रुंद केली. ही वाहिनी केवढी, तर साधारण तीन मिलिमीटर. आमची ठिबकची नळी सोळा मिलिमीटरची, तीसुद्धा क्षारानं तुंबली तर आम्ही घायकुतीला येतो. फुग्यानं वाट व्हायची, पण दर तिघांतल्या एकाची वाहिनी सहा महिन्यांत पुन्हा आवळायची. म्हणून आतनं आधार द्यायला जाळी आली. १९८६ साली फ्रान्समधल्या तुलूजला झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला उलरिक सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयात पहिले स्टेंट बसवले. त्यानं फरक पडला, पण चार-पाच जणांत एकाची वाट तरीही बुजायची.

का बुजायची, हे कळायला मला वेळ लागला नाही. आमच्या बांधावरच्या लिंबाला कधीकाळी कुणी कुंपणाची तार गुंडाळली होती. आज ती तार दिसत नाही. सालीनं तिला पोटात घेतलं. जिवंत खोडाला काही टोचलं की ते त्याच्यावर वाढतं. ठिबकची नळी मेलेली असते, रक्तवाहिनी जिवंत असते. धातू टोचला की तिची साल वाढते, आणि जास्त वाढली की वाट बंद. ही साल आवरायला जाळीवर औषधाचा लेप दिला. त्यातल्या एका औषधाची कुळी शेतकऱ्यानं ऐकण्यासारखी आहे. पॅसिफिक महासागरात ईस्टर आयलंड नावाचं बेट आहे. १९६४ साली कॅनडाहून गेलेल्या लोकांनी तिथली माती आणली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सहगल या आपल्या माणसानं आणि त्याच्या सोबत्यांनी एक द्रव्य काढलं. ते काढलं होतं बुरशीनाशक म्हणून! बेटाचं तिथलं नाव रापा नुई, म्हणून औषध रापामायसिन. तेच पुढं स्टेंटवर चढलं. अमेरिकेत २००३ मध्ये असल्या औषधी स्टेंटला परवानगी मिळाली आणि वाहिनी पुन्हा आवळायचं प्रमाण दहात एकाच्याही खाली आलं.

पण मग दुसरंच निघालं. साल वाढू दिली नाही तर तार उघडी राहते. उघड्या तारेवर रक्ताची गुठळी धरते, आणि गुठळी धरली तर वाहिनी एका क्षणात बंद. आवळण्यात निदान महिने जातात, गुठळीला मिनटं पुरतात. २००६ साली बार्सिलोनाच्या हृदयरोगाच्या परिषदेत यावरनं मोठा गदारोळ झाला. टाकताना सगळं बरं, आणि वर्ष-दोन वर्षांनी अचानक गुठळी. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या वर्षभर तरी चालू ठेवायच्या, असा दंडक पडला. जाळीची तारही बारीक होत गेली. पहिल्या औषधी स्टेंटची तार १४० मायक्रॉन, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवल्यागत जाड. आताच्या चांगल्या स्टेंटची ६० ते ८० मायक्रॉन, केसाएवढीच. तार बारीक, तशी साल बेतानं आणि लवकर धरते, गुठळी कमी.

या गोळ्यांचं मी जरा थांबून सांगतो, कारण यात आमच्या वाडीचं एक माणूस गेलं. माझा शाळेपासूनचा सोबती. अटॅकवर स्टेंट टाकला, ठणठणीत झाला. चौथ्या महिन्यात कुणी जडीबुटीची पूड देणारा भेटला. त्यानं सांगितलं, इंग्रजी गोळ्यांनी रक्ताचं पाणी होतं, त्या बंद करा. दाढी करताना कापलं की रक्त थांबत नाही, हे सोबत्यानं स्वतः बघितलेलं, त्यामुळं त्याला ते पटलं. दोन्ही गोळ्या एकदम सोडल्या. पुढच्या पंधरवड्यात बैलाला वैरण टाकता टाकता गोठ्यातच बसला, तो उठला नाही. कपाटात पावणेदोन पाकिटं गोळ्या तशाच होत्या. त्याच्या बायकोनं त्या माझ्याकडं आणून दिल्या, म्हणाली, "भावजी, कुनाला तरी द्या." स्टेंट वाईट होता असं मी म्हणत नाही. पण स्टेंट म्हणजे जाळी आणि गोळी मिळून एक वस्तू आहे, हे त्याला दवाखान्यातनं निघताना त्याच्या भाषेत कुणी बसून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या कागदावर ते इंग्रजीत लिहिलेलं होतं.

विरघळणाऱ्या स्टेंटचीही एक तऱ्हा झाली. धातू कायमचा राहतो ही अडचण, म्हणून दोन-तीन वर्षांत आपोआप विरघळणारी जाळी निघाली. ऐकायला इतकी चांगली की मलासुद्धा मोह झाला असता. आपल्याकडंही ती विकली गेली, महाग विकली गेली. पण नेहमीच्या स्टेंटशेजारी ठेवून तपासल्यावर तिच्यात गुठळ्या जास्त निघाल्या, आणि २०१७ मध्ये कंपनीनं तिची विक्री बंद केली. नवं म्हणजे चांगलं, महाग म्हणजे टिकाऊ, हे बियाण्यात जसं फसतं तसंच इथंही.

आता माझा मूळ प्रश्न. ज्याला अटॅक आलेला नाही, नुसतं चढावर दुखतं, त्याला स्टेंट टाकून काय मिळतं? यासाठी अमेरिका आणि कॅनडात २,२८७ लोकांवर तपासणी झाली. 'करेज' तिचं नाव, निकाल २००७ चा. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. दोघांनाही गोळ्या चांगल्या दिल्या, एका गटाला वरनं स्टेंट. चार-पाच वर्षांनी मोजलं तर मेलेल्यांत आणि अटॅक आलेल्यांत फरक नाही. मोठ्या दवाखान्यांना हे पटेना. मग सदतीस देशांत ५,१७९ लोकांवर 'इस्केमिया' नावाची तपासणी झाली, आपल्या देशातलेही रोगी त्यात होते. २०१९ च्या शेवटी निकाल आला, तोच. जीव वाचवण्यात किंवा अटॅक टाळण्यात एकंदरीत फरक नाही. डाव्या मुख्य वाहिनीचा ब्लॉक किंवा हृदयाचा पंप फारच कमजोर असलेली माणसं त्यात घेतली नव्हती, त्यांचा हिशोब वेगळा. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर वाचून कुणी भलतंच करायचा.

असं का, हे मला दुसऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. भाचीच्या ओळखीनं मी त्यांच्याकडं गेलो होतो. त्यांनी कागदावर झाड काढलं. म्हणाले, "पाटील, तुमचा रोग या एका फांदीवर नाही, सगळ्या झाडात आहे. स्टेंटनं एक जागा सुधारते. अटॅक पुष्कळदा भलत्याच ठिकाणचा छोटा फोड फुटून येतो. तो फुटू नये म्हणून गोळ्या." मी तेल्या बघितलेला माणूस. एक फांदी कापून बाग वाचत नाही, हे मला दोनदा सांगावं लागलं नाही. पंप माझा चांगला होता, डावी मुख्य वाहिनी मोकळी. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, नाडीची गोळी, जिभेखाली ठेवायची एक डबी. तंबाखूची पुडी त्यांनी माझ्या खिशातनं स्वतः काढून टोपलीत टाकली.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली तपासणी इंग्लंडमधली. तिचं नाव 'ऑर्बिटा', रशा अल-लामी या डॉक्टरणीनं केलेली, २०१७ सालची. दोनशे माणसं. प्रत्येकाच्या एकाच वाहिनीत सत्तर टक्क्यांवर ब्लॉक, म्हणजे थेट माझ्यासारखी. आधी सहा आठवडे सगळ्यांना गोळ्या बसवल्या. मग सगळ्यांनाच टेबलावर घेतलं, गुंगी दिली, कानावर गाणी लावली. १०५ जणांना खरा स्टेंट टाकला, ९५ जणांना काहीच टाकलं नाही. कुणाला टाकला ते रोग्यालाही माहीत नाही आणि नंतर तपासणाऱ्यालाही नाही. सहा आठवड्यांनी पट्ट्यावर चालवून बघितलं. स्टेंटवाले सोळा-सतरा सेकंद जास्त चालले, आणि तेवढा फरक नशिबानंही पडू शकतो. भाचीनं हे सांगितलं तेव्हा मी चकित झालो. आण्णांनी मोकळ्या ओळी सोडल्या होत्या, पण यांनी तर त्या ओळींवर नुसतं पाणी फवारलं आणि बागवानालाही कळू दिलं नाही! आमच्या मंडळींना मात्र ते पटलं नाही. "मान्साला टेबलावर घ्यायाचं आन् काय करायाचं न्हाई, ही फसवनूक न्हवं का?" मी म्हटलं, त्यांना आधी सांगून, त्यांची कबुली घेऊन केलेलं आहे. तरी ती मान हलवतच राहिली. तिचंही अगदीच चूक म्हणता येत नाही. पण ती दोनशे माणसं टेबलावर चढली म्हणून मला टेबलावरनं उतरता आलं.

तीन वर्षं गोळ्यांवर मी बरा काढली. दगड पूर्ण गेला नाही, पण हलका झाला. मग २०२१ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा वाढला. क्रेट सोडाच, कळशी घेऊन ओटा चढताना थांबावं लागायचं. गोळ्या वाढवल्या तर चक्कर यायची. म्हाताऱ्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, "आता टाकू या. आयुष्य वाढेल म्हणून नाही टाकायचा. तुम्हाला बांध चढता यावा म्हणून टाकायचा. एवढ्यासाठी चालेल?" मी म्हटलं, चालेल. माझा बांध चढणं हेच माझं पोट आहे.

या वेळी दवाखाना महात्मा फुले योजनेतला निवडला. केशरी कार्ड, आधार, सगळे कागद घेऊन आधी आरोग्यमित्राच्या टेबलाशी बसलो. मधल्या काळात किमतीचंही बदललं होतं. दिल्लीतले वकील बीरेंद्र सांगवान यांनी हायकोर्टात धाव घेतली, २०१६ मध्ये स्टेंट जीवनावश्यक औषधांच्या यादीत आला आणि १४ फेब्रुवारी २०१७ पासून सरकारनं भाव बांधला. साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधी २९,६००. भाव बांधण्याआधी सरकारी खात्यानं हिशोब काढला तेव्हा काही ठिकाणी नफा सहाशे टक्क्यांच्या वर दिसला होता. माझ्या भावाच्या एक लाख वीस हजारांतली वहिनीची पाटली कुठं गेली, ते मला त्या दिवशी पेपरात वाचायला मिळालं.

स्वस्त झाला म्हणजे हलका आला, असं आमच्याकडं काही जण बोलायचे. देशी स्टेंटला तर नाकच मुरडायचे. त्याचीही तपासणी झालेली आहे. सुरतेत बनलेला एक स्टेंट युरोपात तेवीस दवाखान्यांत, १,४३५ लोकांत, नावाजलेल्या परदेशी स्टेंटशेजारी लावून बघितला, आणि वर्षाअखेर तो मागं पडला नाही. हे २०१९ मध्ये छापून आलं. परदेशी बियाण्याशेजारी देशी वाण लावून उतारा मोजावा, तसंच हे. मोजल्याशिवाय दोन्ही बाजूंची बढाई फुकट.

माझा स्टेंट पाऊण तासात बसला. फुगा फुगवला तेव्हा छातीत तोच दगड क्षणभर आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी फाईलवर स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर चिकटवलेलं होतं. कंपनी, माप, बॅच नंबर. मी ते स्टिकर फाईलवर आहे ना ते बघून मगच घरी निघालो. खताच्या पोत्यावरचं लेबल आम्ही ठेवतो, छातीतल्या वस्तूचं का ठेवू नये? ते सात-बाराच्या कागदांबरोबर ट्रंकेत आहे. दोन गोळ्या वर्षभर, मग एक कायमची. वर्षभरात एकदाही चुकली नाही. सोबत्याची ती पावणेदोन पाकिटं डोळ्यांपुढं असायची.

बांध चढता येतो. क्रेट मात्र पोरं उचलतात. २०२३ मध्ये त्याच डॉक्टरणीनं दुसरी तपासणी केली, ३०१ लोकांवर. या वेळी दुखण्याच्या गोळ्या बंद ठेवून खरा स्टेंट आणि खोटा स्टेंट यांची तुलना. बारा आठवड्यांनी खऱ्यावाल्यांत शंभरातल्या चाळीस जणांचं दुखणं पूर्ण थांबलं, खोट्यावाल्यांत पंधरा जणांचं. म्हणजे दुखण्याला स्टेंट उपयोगी आहे, हे खरं. आणि टाकूनही साठ जणांचं थोडंफार राहतं, हेही खरं. भाचीनं हे आकडे सांगितले तेव्हा मी तिला म्हटलं, मला अजून भर चढाला जरासं होतं, ते मी दवाखान्याचं काहीतरी राहिलं असं समजत होतो. ती म्हणाली, "नाही मामा, तुम्ही त्या साठातले."

गेल्या बाजारी वरच्या वस्तीवरचा एक गडी आला. वय पंचेचाळीसच्या आत. हातात अँजिओग्राफीची सीडी आणि कागद. टेबलावरच सांगितलंय, दोन टाकायचे, सोमवारी या. घाबरलेला. बायको बाहेर जीपमध्ये बसलेली. मी काही डॉक्टर नव्हे, हे त्याला आधी सांगितलं. मग विचारलं, बसल्याजागी दुखतं का? घाम फुटतो का? तसं झालं तर सोमवारची वाट बघू नको, रात्री असली तरी नीघ. नाही म्हणाला, नांगर धरला की दुखतं. मग त्याला एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं. डावी मुख्य वाहिनी मोकळी आहे का. पंप किती टक्के. गोळ्यांवर किती दिवस बघता येईल. टाकला तर कशासाठी, जीव वाचायला की दुखणं कमी व्हायला. दवाखाना योजनेत आहे का. गोळ्या किती महिने, आणि कोणत्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. त्यानं कागदाची घडी घालून टोपीत ठेवली.

सोमवारी तो गेला. काय ठरलं ते अजून कळलं नाही. या आठवड्यात वस्तीवर चक्कर टाकून यायचं म्हणतोय.